ओसाव्याची कहाणी

एका राज्यात शब्दांची शिरगणती होत असे. माणसांची दर दहा वर्षांनी, गुरांची दर पाच वर्षांनी आणि शब्दांची दर बारा वर्षांनी. सुवेळा नदीच्या अलीकडच्या काठावर राजधानी होती, राजधानीत राजवाडा होता, राजवाड्याच्या पूर्वेला दगडी कोठी होती, आणि कोठीत चंदनाच्या पाटावर शब्दपोथी ठेवलेली होती. ही पोथी कवड्या नावाच्या मांत्रिकाने राजाच्या पणजोबांना लिहून दिली होती. तिची पाने बाराशे. एक पान जास्तीचे जोडले तर ते सकाळपर्यंत गळून पडे. म्हणून नवा शब्द आला की एखाद्या जुन्याला जागा खाली करावी लागे.

पोथीचा एक गुण होता आणि तोच तिचा अवगुण होता. जो शब्द पोथीत असे, ती वस्तू राज्यात असे. जो शब्द गाळला जाई तो लोकांच्या तोंडातून जाई, आणि त्याच्यामागून ती वस्तूही जाई. आजवर जे गेले त्याची खंत कुणी केली नव्हती. एका जुन्या पगडीचे नाव गेले, पगडी गेली. एका खोकल्याचे नाव गेले, खोकला गेला. त्या वर्षी लोकांनी शब्दनिसाच्या दारावर तोरण बांधले होते.

शब्दनीस म्हणजे पोथी राखणारा अधिकारी. त्या वेळचा शब्दनीस होता शिवदेवपंत. वयाने पन्नाशीला टेकलेला, अंगाने किरकोळ, स्वभावाने सावकाश. तो कुण्या गुरूकडे शिकला नव्हता. कोठीत झाडलोट करता करता अक्षरे ओळखू लागला आणि पुढे त्याच कोठीचा धनी झाला. रोज सकाळी आंघोळ झाली की वार, वारा आणि आदल्या दिवशी कानावर पडलेला नवा शब्द असे तिन्ही तो आपल्या टिपणवहीत लिहून ठेवी. त्याची बायको चिमाबाई म्हणे, तुमच्या वहीत अख्ख्या गावाचे बोलणे आहे आणि घरात मात्र तुम्ही दिवसाला चार शब्द बोलता. तो म्हणे, पाच. आणि पुन्हा लिहू लागे.

शब्दांच्या शिरगणतीला गाळणी म्हणत. गाळणीची रीत अशी होती. चौकात नगारा वाजे. शब्दनीस पार चढून एकेक संशयित शब्द पुकारी आणि तीनदा विचारी, “याचा अर्थ कोण सांगतो?” तीन माणसांनी अर्थ सांगितला तर शब्द राही. नाहीतर राखेच्या शाईने त्याच्यावर रेघ ओढली जाई.

त्या वर्षी बारावा शब्द होता ‘ओसावा’. शिवदेवपंताने तीनदा विचारले. गर्दीतून एका नावाड्याने हात वर केला आणि म्हणाला की अर्थ काही सांगता येणार नाही, आम्ही तो ठेवतो एवढेच. मागे बसलेल्या बायका हसल्या; आम्हीही ठेवतो, त्याचा अर्थ काय सांगायचा, असे आपसात म्हणाल्या. शिवदेवपंत नियमाचा माणूस. त्याने नावाड्याला अर्थ सांगण्याविषयी पुन्हा बजावले, नावाड्याने डोके खाजवले आणि तो खाली बसला. पंताने लिहिले, ‘साक्ष नाही’. आणि रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावरून पहिली नाव सुटली. निम्मी नदी ओलांडल्यावर तिने आपण होऊन तोंड फिरवले आणि ती आली तशी परत गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. नावाड्यांनी वल्ही मारून हात सोलून घेतले, पण परतणारे माणूस बसले की नाव निम्म्यातून फिरे. त्या दिवशी राज्यातली तीनशे माणसे पलीकडे होती. कुणी बाजाराला, कुणी यात्रेला, कुणी माहेरी. राणी कुंदनमती आपला तीन महिन्यांचा मुलगा घेऊन माहेराहून परतत होती. चिमाबाई बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली होती.

अलीकडच्या काठावर आणखी एक गोष्ट घडू लागली. गेलेल्यांच्या जागा भरू लागल्या. त्यांच्या खुंट्यांवर दुसऱ्यांचे कपडे आले, त्यांच्या पाटांवर दुसरे जेवायला बसले, आणि जागा भरली की माणूस आठवेनासे होई. तिसऱ्या दिवशी एका सोनाराने आपल्या भावाचे नाव विचारल्यावर, मला भाऊ नाही, असे शांतपणे सांगितले.

शिवदेवपंत मात्र जाणून होता. रेघ ओढणाऱ्याच्या डोक्यातून शब्द जात नाही, एवढी शिक्षा कवड्याने पोथीतच लिहून ठेवली होती. त्याने शेवटचे पान उघडले. तिथे बारीक अक्षरात होते : गाळलेला शब्द परत हवा असेल तर तो तीन तोंडांतून येऊ दे. विचारून आलेला नको, शिकवून आलेला नको, गरजेपोटी आलेला हवा. तिसरे तोंड राज्यातल्या माणसाचे हवे. मुदत पौर्णिमेच्या सूर्यास्ताची. त्यानंतर बाहेरचे ते बाहेरचे. तोवर त्यांना पिसे फुटत राहतील, आणि मग ते करकोचे होऊन कायमचे उडून जातील.

पौर्णिमेला एकवीस दिवस होते.

पंत राजाकडे गेला आणि चूक कबूल केली. राजा मकरंदसेनाला तेव्हा राणी अजून आठवत होती. तो म्हणाला, “एवढेच ना? मी तीनदा बोलतो. तुम्ही सांगा आणि लिहा.” पंताने शब्द उच्चारला. राजाला वाऱ्याची झुळूक गेल्यासारखे ऐकू आले. पंताने पुन्हा उच्चारला. राजा खिडकीकडे पाहू लागला.

“महाराज,” पंत म्हणाला, “ऐकू आला असता तरी चालला नसता. शिकवलेली साक्ष पोथी घेत नाही.”

राजाने त्याला पौर्णिमेपर्यंत मोकळीक दिली. पंताने पोथीतून ओसाव्याचे ते एक पान सोडवले, टिपणवहीत ठेवले, वही काखेत मारली आणि तो घाटावर येऊन बसला. जायचे कुठे, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्या राज्यात टिटव्या बोलत असत. ऐकणारे मात्र थोडे. वाळूच्या बेटावरची एक टिटवी उडत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती दोन्ही काठांना जाई, कारण पाखराला कुणी कुठून बाहेर ठेवू शकत नाही. ती म्हणाली की पलीकडून निरोप आहे, आणि मी तो जसाच्या तसा सांगते, उगाच माझ्यावर डोळे वटारू नका. मग तिने चिमाबाईचा आवाज काढला.

“अहो, ऐकलं का. तुम्हीच रेघ ओढलीत म्हणे. बारा वर्षांत एक काम येतं, ते तरी नीट करायचं. माझ्या डाव्या मनगटावर पिसं आली आहेत. भाकरी उजव्या हाताने थापते, अडत नाही. पण दोन्हीवर यायच्या आत काहीतरी करा.”

पंताने निरोप वहीत लिहून घेतला. मग विचारले, “माणसांच्या तोंडातून शब्द गेला आहे. शोधू कुठे?”

“जी माणसे होती आणि आता माणसे नाहीत, त्यांच्या तोंडातून कसा जाईल?” टिटवी म्हणाली. “भोवरडोहात एक तांडेल आहे. जुनाट किल्ल्यात एक पाथरवट आहे. आधी तिकडे जा. तिसऱ्याचे मला ठाऊक नाही.”

भोवरडोह नदीच्या वरच्या अंगाला तीन दिवसांच्या वाटेवर होता. तिथे लखू तांडेल कासव होऊन राहत होता. दोनशे वर्षांपूर्वी तो नावाड्यांचा म्होरक्या होता. एकदा त्याने नाव कडेपर्यंत भरली, आणि धावत आलेल्या एका माणसाने उडी घेतली तेव्हा त्याला पाय टेकायला जागा नव्हती. माणूस बुडाला. त्याच्या आईने शाप दिला, आणि तेव्हापासून तांडेल स्वतःच्या पाठीवर स्वतःचे घर घेऊन फिरत होता; त्यात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

पंताने काठावर बसून आयुष्यभराच्या सवयीने विचारले, “तांडेल, ओसाव्याचा अर्थ काय?”

कासवाने डोके आत घेतले. तीन दिवस बाहेर काढले नाही.

तीन दिवस पंताने आपल्या चुकीकडे पाहिले. चौथ्या दिवशी त्याने विचारणे सोडून दिले आणि डोहाच्या वरच्या टोकाला, अलीकडच्याच काठावर, किल्ल्याची वाट होती तिकडे जाण्यासाठी बांबू तोडून तराफा बांधायला घेतला. त्याला तराफा बांधता येत नव्हता. गाठी सुटत होत्या. दुपारपर्यंत कासवाचे डोके बाहेर आले, संध्याकाळपर्यंत मान बाहेर आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरपटत काठावर आले.

“ही गाठ आहे की शेवयांचा गुंता?” तांडेल म्हणाला. “सोड. वेल ओला करून घे. आवळ. आणखी आवळ. बाप काय करत होता तुझा?”

पंताने सांगितले की बाप कोठीत दिवे लावत असे. तांडेल म्हणाला, तरीच. मग त्याने बसून सगळा तराफा बांधून घेतला. पंताने वर शिधा ठेवला, घोंगडी ठेवली, वही मेणकापडात गुंडाळून ठेवली, सरपणाची मोळी नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मोकळ्या जागेत ठेवायला उचलली, आणि कासव दोनशे वर्षांपूर्वीच्या आवाजात ओरडले.

“पुढे भरू नको. तिथे ओसावा राहू दे. कोण धावत येईल सांगता येत नाही.”

पंत थांबला. मोळी त्याने मागे ठेवली. तांडेल त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी एवढंच करायचं होतं.” एवढे बोलून तो त्या जागेवर चढून बसला. तराफा वरच्या टोकाला लागेपर्यंत पाठीचे कवच गळून पडले होते, आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नावाडी उतरून, मागे न पाहता, आपल्या गावाच्या दिशेने चालू लागला होता.

पंताने पान उघडले. राखेच्या रेघेखालून पहिले अक्षर काळेभोर वर आले होते. त्याने वहीत लिहिले : ‘नावाडी लोकांत : नाव भरताना पुढच्या टोकाला मुद्दाम मोकळी सोडलेली जागा, उशिरा येणाऱ्यासाठी.’

वरच्या कोपऱ्यात तो रोज चिमाबाईविषयी एक ओळ लिहीत असे, विसरू नये म्हणून. त्या दिवशीची ओळ होती : ‘ती ताकात मीठ आधी घालते, पाणी मग.’

जुनाट किल्ला आणखी चार दिवसांच्या वाटेवर होता. वाटेत टिटवी दोनदा भेटली. पहिल्यांदा चिमाबाईचा निरोप होता की कोपरापर्यंत पिसे आली आहेत, राणीच्या बाळाला ती फार आवडतात, धरून हसते. दुसऱ्या निरोपाला पंताने विचारले, “ही चिमाबाई कोण?”

टिटवीने चोचीने वहीचे पान उलटले. पंताने आपलेच अक्षर वाचले, सगळ्या ओळी वाचल्या, आणि या बाईविषयी त्याला आदर वाटला. ओळख मात्र वाटली नाही. तेव्हा त्याने पानाच्या माथ्यावर ठळक लिहिले : ‘शिवदेवा, ही तुझी बायको आहे. हिच्यासाठी निघाला आहेस. विचारू नकोस, ऐक.’ आणि रोज सकाळी ते वाचूनच तो पाऊल उचलू लागला.

किल्ल्याच्या पश्चिमेला एक अर्धवट भिंत होती आणि भिंतीत छातीपर्यंत दगड झालेला येल्होजी पाथरवट होता. कवड्याने आपला खजिना चिणून टाकण्यासाठी त्याला बोलावले होते आणि फट राहता कामा नये असे बजावले होते. येल्होजीने भिंत बांधली, पण हाताच्या सवयीने तिच्या कडेचे दगड पुढेमागे सोडले. त्या खाचांतून सोने दिसले. मांत्रिकाने बांधणाऱ्याला बांधकामातच जमा केले. खजिना तिथेच उघडा पडून होता. हात लावणाऱ्याचा हात दगडाचा होई, म्हणून कुणी लावत नसे. भोवती दगडी हात पडलेले होते.

येल्होजीच्या तोंडावर पश्चिमेची वाळू सारखी उडत होती. त्याने पंताला पाहताच विचारले, “घाईत आहेस?”

पौर्णिमेला दहा दिवस उरले होते आणि परतीची वाट सात दिवसांची होती. पंत म्हणाला, “नाही.”

“मग वाळूला आडोसा घाल. दोन हात उंच, चार हात लांब. मला शंभर वर्षं शिंक देता आली नाही.”

पंताने पडलेले दगड गोळा केले. सोन्याच्या विटा सपाट होत्या, हाताशी होत्या, आणि त्यांनी काम दुपारीच उरकले असते. त्याने वाकडेतिकडे दगड घेतले. पहिल्या दिवशी भिंत गुडघ्यापर्यंत आली आणि पडली. दुसऱ्या दिवशी येल्होजीने त्याला दगडाचे तोंड ओळखायला शिकवले. प्रत्येक दगडाला बसायची एक बाजू असते आणि तो ती लपवतो, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवसाच्या उन्हाला उतार आला तेव्हा भिंत दोन हात उंच झाली होती. पंताला ती फार आवडली. त्याने टोकाचे दगड ठोकून ठोकून एका रेषेत आणायला घेतले.

“अरे, कड बंद करतोस की काय?” येल्होजी म्हणाला. “ओसावा ठेव. एक दगड पुढे, एक मागे. उद्या कुणाला इथून पुढे बांधायचं झालं तर त्याच्या भिंतीने दात कशात रोवायचे?”

पंताच्या तोंडून निघून गेले, “इथे कोण बांधायला येणार?”

“ते आपल्याला कशाला ठाऊक हवं?”

पंताने टोकाचे दगड पुन्हा पुढेमागे केले. येल्होजीने भिंत पाहिली, ठीक आहे म्हणाला, आणि शंभर वर्षांची शिंक दिली. त्या शिंकेने दगड तडकला आणि तो कंबरेपर्यंत मोकळा झाला; पाय सुटायला आणखी वेळ लागेल, तोवर सावलीत बसतो, तू जा, असे म्हणाला.

पानावर दुसरे अक्षर वर आले होते. पंताने लिहिले : ‘पाथरवटांत : भिंतीच्या कडेला सोडलेले खाचेदार दगड, पुढे जोडून बांधणाऱ्यासाठी. तो कोण, हे माहीत असण्याची गरज नाही.’ मग थोडे थांबून त्याने आणखी लिहिले की नावाड्यांचा ओसावा धावत येणाऱ्यासाठी होता, पाथरवटांचा अजून जन्मालाही न आलेल्यासाठी आहे. शब्द म्हातारा होताना आखडला नाही, रुंद झाला.

परत राजधानीत पाऊल टाकले तेव्हा पौर्णिमेची सकाळ होती. वाटेत टिटवीने सांगितले होते की दोन अक्षरे परत आल्याने शब्द आता माणसांच्या ओठांच्या कडेला येऊन थांबला आहे, पण आत यायला त्याला कुणाची तरी गरज लागेल. तिने हेही सांगितले की पलीकडे दोनशे नव्वद जण पूर्ण करकोचे झाले आहेत. चिमाबाईचा उजवा हात आणि तोंड तेवढे उरले आहे.

“काही निरोप?”

“नाही. मी विचारले, तर म्हणाली, त्यांना कामात असू दे.”

पंत शहरभर फिरला. खानावळीत बसला, घाटावर बसला, सुतारांच्या आळीत बसला. ऐकत राहिला. नावा कडेपर्यंत भरून सुटत होत्या. घरांच्या भिंती गुळगुळीत होत्या. जेवायला बसलेले कोपराला कोपर लावून बसले होते आणि पातेली घासूनपुसून रिकामी होती. कुणाचेच काही बाकी नव्हते, कुणाला कुणाची उणीव नव्हती. गरजच नव्हती, मग शब्द कुठून येणार?

सूर्य कलला तेव्हा वहीने त्याला राजवाड्यात आणले. म्हणजे त्याने वही उघडली आणि तिथे राजाला भेटून काय झाले ते सांगायचे, असे आधीच लिहिलेले सापडले. राजा सज्जात झोपाळ्यावर बसला होता. राजवाड्यातल्या राणीच्या बाकीच्या जागा भरल्या होत्या; त्याला राणी आठवत नव्हती, मुलगा आठवत नव्हता, आणि शब्दनिसाला कुठे पाठवले होते तेही आठवत नव्हते. पण राजा डाव्या कडेला अंग चोरून बसला होता. झोपाळा चार माणसांचा होता. त्याचा एक पाय अधांतरी होता, मांडीला कडीची साखळी रुतत होती, आणि उजवीकडची सगळी जागा मोकळी होती.

पंताच्या तोंडापर्यंत प्रश्न आला. महाराज, असे का बसलात? तो त्याने दाताखाली धरला. त्याला गाळणीचा चौक आठवला, नावाड्याचे खाजवलेले डोके आठवले. जे हातापायांना ठाऊक असते ते विचारल्यावर जिभेला सांगता येत नाही, हे त्याला एकवीस दिवसांत कळले होते. तो मुजरा करून खांबाला टेकून बसला. सूर्य नदीच्या पाण्याला टेकायला दोन बोटे उरली होती.

तेवढ्यात प्रधान आला. त्याच्यामागून दोन सेवक एक मोठी तसबीर घेऊन आले. प्रधानाने अदबीने सांगितले की महाराज एकटे आहेत, राज्याला राणी हवी, वारस हवा. दक्षिणेकडच्या राजाची कन्या गुणी आहे, ही तिची तसबीर, एकदा नजरेखालून घालावी. राजा म्हणाला, बघू. त्याच्या आवाजात हरकत नव्हती. सेवकांना तसबीर टेकवायला जागा सापडेना. प्रधानाने झोपाळ्याच्या मोकळ्या बाजूकडे बोट दाखवले.

राजाचा हात आडवा आला.

“तिथे नको,” तो म्हणाला.

“जागा रिकामी आहे, महाराज.”

“रिकामी नाही.” राजा अडखळला. त्याने मोकळ्या फळीवर तळवा ठेवला आणि तो शब्द शोधू लागला, जसे माणूस काळोखात कडी शोधते. सांगायला पंत दोन हातांवर होता, आणि सांगितले तर सगळे बुडत होते. सूर्याची कड पाण्याला लागली.

“तिथे नको ठेवू,” राजा पुन्हा म्हणाला. “तो ओसावा आहे.”

प्रधानाने विचारले, “कुणाचा?”

“आठवत नाही,” राजा म्हणाला. “पण आहे.”

पंताने पान उघडले. तिसरे अक्षर वर आले, राखेची रेघ धुळीसारखी उडाली, आणि पोथीचे पान पूर्वी होते तसे झाले. त्या क्षणी घाटावरून कोलाहल ऐकू आला. राजा झोपाळ्यावरून उठला तो राणीचे नाव घेऊनच उठला. शहरभर माणसे घास हातात घेऊन थांबली, आपल्या शेजारी पाहू लागली आणि सरकू लागली. एकाने ठेवलेली जागा तीनशेंना पुरली.

नदीवरून करकोच्यांची रांग येत होती. मधोमध आल्यावर एकेक करकोचा खाली नावेत उतरे आणि माणूस होऊन बसे. राणीचे बाळ तेवढे पिसे गेली म्हणून रडत होते. सगळ्यांत शेवटच्या नावेतून एक बाई उतरली. तिच्या खांद्यावर एक पीस राहिले होते, ते तिने झटकले. शिवदेवपंत पायरीवर उभा होता. त्याला वही उघडावी लागली नाही.

ती जवळ आली, त्याचे सोललेले तळवे पाहिले, आणि म्हणाली, “वाळलात.”

“तू आलीस,” तो म्हणाला.

“दोन शब्द झाले. आज तीन उरले तुमचे.”

दोघे घरी आली. चिमाबाईने दार लोटले आणि ती उंबऱ्यातच थांबली. चुलीजवळ तिच्या नेहमीच्या जागेवर, तिच्या पाटावर, पोथ्यांची चवड रचलेली होती. छातीपर्यंत आलेली. निघण्याआधी पंतानेच ती तिथे हलवली होती, केव्हा आणि का ते त्याला सांगता आले नसते. जागा मोकळी दिसली म्हणून.

“हे कोण बसलंय?” तिने विचारले.

शिवदेवपंताने एकेक पोथी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. शेवटची नेली, पाट पुसला आणि बाजूला झाला. ती बसली आणि तिने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी त्याने राजाला सांगून गाळणीची रीत बदलून घेतली. तेव्हापासून पारावर चढून अर्थ विचारणे बंद झाले. शब्दनिसाने बारा वर्षे नावेत, पागेत, पाणवठ्यावर आणि माजघराच्या दाराशी बसावे, ऐकावे, आणि मगच शाईला हात लावावा, असा हुकूम निघाला. ओसाव्याच्या पानावर शिवदेवपंताने अर्थ म्हणून काहीच लिहिले नाही. तांडेल काय म्हणाला ते लिहिले, पाथरवट काय म्हणाला ते लिहिले, राजा काय म्हणाला ते लिहिले, आणि त्याखाली चार बोटे जागा कोरी सोडली.

राजा, राणी आणि त्यांचे बाळ त्या झोपाळ्यावर बसू लागले. टिटवी आपल्या वाळूवर गेली. सांगणाऱ्याचे सांगणे इथे थांबले. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचे कुणी अजून वाटेवर असेल, त्यांनी थोडे सरकून बसावे.